टॉवेलमागं एक पैसा

जॉइन होऊन आता कुठं महिना होत आला आणि आज पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच डेव्हलपर झालो, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

इतके दिवस नुसता कोड वाचत होते. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणजे रिकामी फाइल उघडायची आणि मनाला येईल तसं लिहीत सुटायचं, इथं तसं नाहीच, इथं कुणीतरी पाच-सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं असतं, तो माणूस केव्हाच पुण्याला गेलेला असतो, आणि त्यानं असं का लिहिलं हे गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, बघत आपणच शोधायचं. पहिल्या आठवड्यात लई भीती वाटली. आता आवडायलंय.

ऑफिस जुळे सोलापुरात, छोटंसंच. क्लायंट बरेचसे इथलेच, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले. त्यातल्या एका कारखान्याचं मजुरीचं सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांना नगावर पैसे, पगार आठवड्याला. तिथल्या एक ताई स्वतःच्या वहीत हिशोब ठेवतात, त्यांचा आकडा आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा जुळेना. फरक दहा रुपयांच्या आसपास. सरांनी त्याचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, माझ्या नावावर टाकलं, म्हणाले बघ तू, काय सापडतंय.

सापडलं ते असं. नगाचा रेट रुपयात भरलेला, १.१५. कोड त्याला १०० नं गुणतो, पॉइंटपुढचं तोडून टाकतो आणि ते पैसे म्हणून धरतो. ११५ यायला पाहिजेत, शाळेतलं पोरगंपण सांगेल. पण जावास्क्रिप्टमध्ये उत्तर येतं ११४.९९९९९९९९९९९९९९, तोडल्यावर राहिले ११४. टॉवेलमागं एक पैसा गेला, हजार नगाला दहा रुपये! आणि रेट १.२५ असला की बरोब्बर १२५ येतात, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाला दिसलंच नाही. ताईंची वही बरोबर होती, आमचा कॉम्प्युटर चूक.

कारण फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे कॉम्प्युटरची पॉइंटवाले आकडे ठेवायची पद्धत. कॉलेजात त्याचं मानक, आयईईई ७५४, पाठ करून पेपरात लिहिलं होतं, पण ते कुणाच्या पगारात जाऊन बसतं हे आज कळलं. आपल्या दशांशात एक तृतीयांश जसा ०.३३३ करत कधी संपत नाही, तसा बायनरीत, म्हणजे मशीनच्या ०-१ च्या आकड्यांत, ०.१ संपत नाही, मशीन कुठंतरी कापतं. सरांनी दुपारी सांगितलं की १९९१ च्या खाडी युद्धात धहरानला पॅट्रियट मिसाइलची सिस्टीम वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायची, त्यातला ०.१ असाच कापलेला, शंभरेक तास चालू राहिल्यावर घड्याळ साधारण ०.३४ सेकंद चुकलं, इराकचं येणारं स्कड मिसाइल अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक गेले. ऐकून अंगावर काटा आला.

दुरुस्ती तशी छोटी. रेट डेटाबेसमध्येच पूर्ण पैशात ठेवायचा, गुणाकार त्याच्यावरच करायचा, रुपये फक्त चिठ्ठी छापताना. मॅडमनी रिव्ह्यूमध्ये, म्हणजे माझा कोड तपासताना, एकच कमेंट टाकली, की १.१५ ची टेस्ट लिहून ठेव, म्हणजे पुढं कुणी बदललं तरी लगेच कळेल. संध्याकाळी मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेलं.

हुतात्मा एक्स्प्रेस पकडून हिंजवडीला गेलेल्या मैत्रिणी विचारतात, सोलापुरात बसून काय शिकणार गं. पगार त्यांचा जास्त आहे हे खरं, पण आज मला जायचं मन नाही.

घरी कुंभारीला पोचायला उशीर झाला. आई सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेली, तिला सगळं सांगितलं. तिला फ्लोटिंग पॉइंट सांगायची गरजच पडली नाही, हजार विड्या मोजून द्यायच्या, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायच्या आणि त्याचे पैसे कापायचे, यात तिचं आयुष्य गेलंय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"मग मागचे पैसे त्या बायकांना देणार का नाही?"

माझ्या डोक्यातच नव्हतं आलं हे. तिकीट फक्त पुढच्या पगाराचं होतं. पण जुनी नगांची नोंद सगळी डेटाबेसमध्ये आहे, कुठल्या आठवड्यात कुठला रेट होता तेही आहे, म्हणजे प्रत्येकीचा फरक काढता येतो, डेटाबेसमधून माहिती काढायची एक क्वेरी लिहिली की झालं. देणं-न देणं मालकाच्या हातात, पण आकडा त्यांच्या टेबलावर गेला तर पाहिजे. उद्या सकाळी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, पहिल्यांदा हेच बोलणार आहे सरांशी, आणि क्वेरी आत्ताच कागदावर मांडून ठेवली आहे.