तुम्ही विचारलंत म्हणून: मेनफ्रेमच्या डिस्कवरची वाया जागा कशी पकडायची?

कोल्हापुरात राहून बाहेरच्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे मेनफ्रेमवरचे (म्हणजे मोठ्या मुख्य संगणकावरचे) बॅच जॉब, म्हणजे ओळीनं आपोआप चालणारी कामं, सांभाळणारी तरुण मंडळी भेटली की हा प्रश्न ठरलेला असतो: “सर, स्टोरेज पूल (डिस्कचा गट) भरत आलाय, नवीन व्हॉल्यूम (डिस्क) मिळणार नाही म्हणतात. वाया गेलेली जागा शोधायची कशी, आणि वरच्यांना दाखवायची कशी?” त्यातले बहुतेक जण आधी आयएसपीएफचं (मेनफ्रेमवर काम करायच्या पडद्यांचं) ३.४, म्हणजे डेटासेटची (फाइलींची) यादी, उघडून किती टक्के वापरलंय तो कॉलम बघतात. तिथंच फसायला होतं.

मार्केट यार्डातला गुळाचा गाळा डोळ्यांसमोर आणा. गाळा भाड्यानं घेतला आणि निम्मा मोकळा ठेवला, ही एक वाया जागा. ती कुणालाही दिसते. पण गाळा भिंतीपर्यंत भरलाय आणि गुळाच्या प्रत्येक रव्याभोवती (ढेपेभोवती) हातभर जागा सोडलीय, तर? दारातून बघणारा म्हणणार, गाळा फुल्ल. डिस्कवर हा दुसरा प्रकार जास्त जागा खातो, आणि रिपोर्टात तोच क्वचित येतो.

आकडेच घेऊ. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट मावतात, आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. ८० बाइटचे १० लाख रेकॉर्ड ठेवायचेत. जुन्या जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचनांमध्ये) कुणीतरी ब्लॉकसाइझ, म्हणजे डिस्कवर एका गठ्ठ्यात लिहायचे बाइट, ८० लिहून ठेवलंय, म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड हा स्वतंत्र ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमागे डिस्कची स्वतःची जागा जाते, त्यामुळे ट्रॅकवर ७८ च रेकॉर्ड बसतात. १२,८२१ ट्रॅक लागले, ८५५ सिलिंडर. तेच ब्लॉकसाइझ २७,९२० केलं की एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड, ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ रेकॉर्ड. आता ९६ सिलिंडर पुरतात. डेटा तोच, जागा नवव्या हिश्श्याची. आणि दोन्ही वेळा ३.४ मध्ये १०० टक्के वापर दिसेल!

मग ब्लॉक जितका मोठा तितका बरा, असंही नाही. ३२,७२० दिलंत तर ट्रॅकवर एकच ब्लॉक बसतो, कारण उरलेल्या जागेत दुसरा मावत नाही. चाळीस टक्क्यांहून जास्त ट्रॅक रिकामा गेला. म्हणून ब्लॉकसाइझ शून्य द्या किंवा लिहूच नका, सिस्टिम अर्ध्या ट्रॅकच्या हिशेबानं बरोबर आकडा काढते. लोड लायब्ररी (चालवायला तयार प्रोग्रॅमची) तेवढी वेगळी ठेवा, तिला ३२,७६० च योग्य.

दारातून दिसणारी वाया जागा येते ती भीतीपोटी. रात्री २ वाजता जॉब बी३७ नं (जागा संपल्याच्या एररनं) पडला की सकाळी कुणीतरी प्रायमरी (पहिल्यांदाच मागायची जागा) १०० सिलिंडरची ५०० करून टाकतो, आणि ती पुन्हा कधी कमी होत नाही. जेसीएलच्या स्पेस पॅरामीटरमध्ये आरएलएसई (रिलीज) असेल तर फाइल बंद होताना न वापरलेली जागा परत जाते. मात्र त्या वेळी दुसऱ्या जॉबनं तोच डेटासेट धरलेला असेल तर ती सुटत नाही, आणि त्याबद्दल कुणी ओरडतही नाही. पीडीएसचं (अनेक मेंबर एकत्र ठेवणाऱ्या लायब्ररीचं) दुखणं वेगळं: मेंबर डिलीट केला किंवा पुन्हा सेव्ह केला तरी जुनी जागा तशीच अडकून राहते, कॉम्प्रेस करेपर्यंत.

व्हीसॅम (की किंवा क्रमानं रेकॉर्ड शोधता येणाऱ्या) फाइलींमध्ये आकड्यावर आणखी कमी विश्वास ठेवा. ‘वापरलेली जागा’ म्हणून जे मिळतं ते फाइल आजवर कुठपर्यंत पोचली त्याचं टोक असतं. निम्मे रेकॉर्ड डिलीट केले तरी ते टोक मागं सरकत नाही. लिस्टकॅटमध्ये (फाइलची कॅटलॉगमधली माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये) एचए-आरबीए (मिळालेल्या जागेचं टोक) आणि एचयू-आरबीए (वापरलेल्या जागेचं टोक) यांच्यातला फरक बघाच, पण त्याच्याशेजारी रेकॉर्डची संख्या आणि फ्रीस्पेस (पुढच्या भरीसाठी मुद्दाम मोकळी सोडलेली जागा) हेही बघा. शेवटीच भर पडत जाणाऱ्या फाइलला २० टक्के फ्रीस्पेस दिली असेल, तर सुरुवातीला लोड करताना सोडलेली ती जागा कधीच भरणार नाही.

उरले बेवारस डेटासेट. जीडीजी (एकाच फाइलच्या लागोपाठच्या आवृत्त्यांचा, म्हणजे जनरेशनचा गट) नोस्क्रॅचनं (‘पुसू नका’) डिफाइन केलेला असेल, आणि डिफॉल्ट तोच आहे, तर मर्यादेबाहेर गेलेल्या जुन्या जनरेशन डिस्कवरून पुसल्या जात नाहीत. एसएमएसबाहेरच्या (सिस्टिम आपोआप सांभाळत नाही अशा) व्हॉल्यूमवर त्या कॅटलॉगमधून (सगळ्या फाइलींच्या नोंदवहीतून) गळतात आणि व्हीटॉकमध्ये (त्या डिस्कच्या स्वतःच्या यादीत) पडून राहतात. दिसल्या की लगेच पुसू नका. व्हॉल्यूम दोन एलपारमध्ये (एकाच मशीनवरच्या स्वतंत्र सिस्टिममध्ये) शेअर्ड असेल तर तो डेटासेट दुसऱ्या बाजूच्या कॅटलॉगमध्ये व्यवस्थित नोंदलेला असू शकतो. दोन्हीकडं तपासल्याशिवाय हात लावायचा नाही.

हे सगळं एका जागी आणायला आयडीकॅम्स या युटिलिटीची डीकलेक्ट ही कमांड पुरते. तिचे डी प्रकारचे (एकेका डेटासेटचे) रेकॉर्ड घ्या. त्यात डेटासेटमागं अलोकेट झालेली जागा, वापरलेली जागा, ब्लॉकमुळं निरुपयोगी झालेली जागा आणि शेवटच्या वापराची तारीख मिळते. जागेचे आकडे किलोबाइटमध्ये असतात, ते बाइट समजून रिपोर्ट पाठवला की पुढचं कुणी वाचतच नाही. आइसटूल या सॉर्ट-बेरजेच्या युटिलिटीनं डेटासेटच्या नावाच्या पहिल्या क्वालिफायरप्रमाणं (पहिल्या टिंबापर्यंतच्या भागाप्रमाणं) बेरजा करा आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी ठेवा: किती जागा, कुठल्या कारणानं वाया, आणि मालक कोण. ‘पूलमध्ये ३० टक्के वाया’ असं लिहिलेल्या कागदावर कुणीच काही करत नाही. ‘क्लेम्सच्या या १२ फाइलींचं ब्लॉकसाइझ चुकलंय, दुरुस्त केलं की इतके सिलिंडर सुटतील’ म्हटलं की त्या टीमला करायला काम मिळतं. हिशेबाला सोपं म्हणून लक्षात ठेवा, साधारण १,१७७ सिलिंडर म्हणजे १ जीबी.

जागा सोडवायची वेळ आली की डीएफडीएसएस (डिस्क सांभाळायची युटिलिटी) हिची रिलीज कमांड आधी ‘टाइपरन=नोरन’, म्हणजे फक्त चाचणी, असं देऊन चालवा. काय काय सुटणार त्याची यादी येते, डिस्कला धक्का लागत नाही. त्या यादीत सेकंडरी (प्रायमरी संपल्यावर वाढवून मिळणारी जागा) शून्य असलेले डेटासेट शोधून बाजूला काढा. त्यांची मोकळी जागा काढून घेतली, तर पुढच्याच रात्री लिहिताना जॉब डी३७ नं (जागा संपली आणि सेकंडरीही नाही, या एररनं) पडेल, आणि सकाळी त्याची प्रायमरी पुन्हा ५०० होईल.