मॅकबेथ शिकताना: गाइड दिवाळीनंतर

इंग्रजीला शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' लागलं की नागपूरच्या बर्डीवरून नाटकाच्या आधी गाइड घरी येते. आमच्या वर्गातही आली. पण पहिली फेरी मूळ पुस्तकातूनच करायची आणि गाइड दिवाळीनंतरच उघडायची, असं ठरलं होतं.

नाटक ५ अंकांचं, साधारण २१०० ओळींचं. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत छोटं. आमच्या प्रतीत २८ प्रवेश होते. काही आवृत्त्यांत शेवटच्या अंकाचे आठऐवजी नऊ प्रवेश पाडलेले असतात, ओळींचे आकडेही जुळत नाहीत. म्हणून सगळ्या वर्गाची आवृत्ती एकच हवी, नाहीतर 'ओळ ४५ काढा' म्हटलं की प्रत्येकाचं बोट वेगळ्या ओळीवर. तासाला एक प्रवेश, मोठ्याने वाचायचा. शब्द अडला तर पेन्सिलीची खूण करून पुढे जायचं.

वाचताना सर्वांत मोठी चूक होते ती ओळीच्या शेवटी थांबण्याची. कविता म्हणायची सवयच तशी लागलेली असते. विरामचिन्ह नसेल तर थांबू नये, अर्थ तिथेच तुटतो. ओळीत साधारण दहा अक्षरं, हलकं-जड असे पाच ठोके. आपल्या वृत्तासारखे लघु-गुरू इथे चालत नाहीत, आघात मोजायचा; बाकावर बोट आपटलं की दोन दिवसांत बसतो. चेटकिणींची चाल उलटी, जड आधी. द्वारपाल तर गद्यातच बोलतो. मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ एरवी पद्यात बोलते, पण पाचव्या अंकात झोपेत चालताना तिचंही गद्य होतं. मन ढासळल्याचं तिथे कानालाच कळतं.

सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाला द्यावा. आम्ही चार तास दिले. मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो, पण तो रंगमंचावर होतच नाही. दिसतात ती रक्ताळलेल्या हातांची दोन माणसं. मॅकबेथ विचारतो, 'डिडस्ट दाऊ नॉट हिअर अ नॉइज?' लेडी मॅकबेथ उलट विचारते, 'डिड नॉट यू स्पीक?' तो तिला 'तू' म्हणतोय, ती त्याला 'तुम्ही'. मराठी कानाला हे लगेच कळतं, पण गाइडमध्ये दोन्ही 'यू'च. पुढे 'व्हेन?', 'नाउ', 'ॲज आय डिसेंडेड?' हे तुकडे तिच्या प्रश्नाला जोडून एकच ओळ होते. दोघांनी श्वास न घेता वाचावी. मध्ये फट पडली की भीती गेली. (कूलर बंद करा, त्याच्या घरघरीत 'नाउ' ऐकू येत नाही.)

याच प्रवेशात शब्दांचे सापळेही आहेत. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का', 'कुठे' नव्हे. झोपेच्या ओळीतला 'स्लीव्ह' म्हणजे बाही नसून गुंतलेला रेशमाचा धागा.

तिसऱ्या अंकातला हेकटीचा, म्हणजे चेटकिणींच्या देवतेचा, प्रवेश एका वाचनात उरकावा. तो त्या काळच्याच मिडलटन या नाटककाराने घातला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. चौथ्या अंकातला इंग्लंडचा लांब प्रवेश मात्र पेंगुळलेल्या वर्गालाही सोडता येत नाही, कारण मॅकबेथविरुद्ध उभ्या राहिलेल्या मॅकडफ या सरदाराला बायकामुलांच्या हत्येची बातमी त्या प्रवेशाच्या शेवटी मिळते.

शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (१९५४) जरूर वाचावं, पण ते रूपांतर आहे. त्यातला तपशील उत्तरात उतरवला की गुण जातात.

गुण आणखी दोन ठिकाणी जातात. एक, उताऱ्यावरच्या प्रश्नात अख्खं कथानक सांगत बसणं. कोण, कोणाला, लगेच आधी काय, लगेच नंतर काय, एवढंच लिहावं, आणि मूळातले पाच-सहा शब्द अवतरणात द्यावेत. दुसरं, 'चेटकिणींनी खून करायला सांगितला' हे वाक्य. त्या फक्त मॅकबेथ राजा होईल म्हणतात. खुनाचा विचार त्याचा स्वतःचा.

दिवाळीनंतर गाइड उघडली तेव्हा तिच्या सारांशात नेमकं हेच चुकीचं वाक्य होतं, आणि ते पहिल्याच वाचनात वर्गातल्या बहुतेकांना खटकलं.