तुम्ही विचारलंत म्हणून: गाझासाठी मुंबईत आंदोलन कशाला?

"गल्लीतले खड्डे बुजवता येत नाहीत आणि चालले गाझा वाचवायला." हे वाक्य थोड्याफार फरकाने आम्हाला सगळीकडे ऐकायला मिळतं. स्टेशनबाहेर पत्रकं वाटताना, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कधी आमच्याच युनियनच्या बैठकीत. विधानसभेत एखाद-दुसरा आमदार असलेले किंवा तोही नसलेले आमच्यासारखे डावे पक्ष चार हजार किलोमीटरवरच्या युद्धाविरुद्ध मैदानात उतरतात, ते कुणाला वेडेपणाचं वाटतं, कुणाला ढोंगाचं. दर वेळी दोन मिनिटांत अर्धवट उत्तर द्यायचा वीट आला आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

खड्डे सोडून गाझा, असा हिशेब मुळात कुणी मांडलेलाच नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईत आले, पायांची सालं निघालेली, ते लाल झेंडा घेऊनच आले आणि आझाद मैदानातच बसले. वनजमिनीचे दावे, कर्जमाफी, रेशन हे त्यांचे प्रश्न होते. गाझासाठी मैदान मागणारे पक्ष तेच आणि मैदानही तेच. एका कामाने दुसरं अडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुठलं काम अडलं ते दाखवावं.

आता जे मान्य करायला हवं ते मान्य करतो. मुंबईत तीन तास घोषणा दिल्याने एकही बॉम्ब थांबत नाही. इस्रायलच्या सरकारला आमच्या पक्षाचं नावही माहीत नसेल. पण घोषणा तेल अवीवसाठी नसतात, दिल्लीसाठी असतात. १२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला. १४९ देश बाजूने, १२ विरोधात, १९ तटस्थ. तटस्थांमध्ये भारत होता. १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता देणाऱ्या सुरुवातीच्या देशांत असलेला भारत. हे मत आपल्या नावाने दिलं गेलं, तेव्हा त्यावर बोलायचा हक्कही आपला आहे. राज्यघटनेचं कलम ५१ तर शासनाला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी प्रयत्न करायला सांगतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयातून त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. म्हणूनच ते रस्त्यावर मागावं लागतं.

आणि कधी कधी दिल्ली ऐकते. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा सुरुवातीला सरकारची भाषा मवाळ होती. देशभर निदर्शनं झाली, विरोधकांनी संसद धरून ठेवली आणि ८ एप्रिलला लोकसभेने हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला. त्यानंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय सैन्य मागितलं, सुमारे १७ हजारांची एक डिव्हिजन. १४ जुलैला सरकारने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचं सांगून नकार दिला. तो नकार आमच्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण रस्ते रिकामे असते तर नकार देणं इतकं सोपं गेलं नसतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

२०२५ च्या पावसाळ्यात जे झालं ते मात्र तपशिलात सांगायला हवं, कारण प्रश्न विचारणाऱ्यांना ते ऐकून माहीत असतं आणि तरी त्यातलं मर्म निसटलेलं असतं.

मुंबईत कुठेही उठून निदर्शनं करता येत नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(३) खाली जमावबंदीचे आदेश निघतात, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचे, आणि मुंबईत ते एकामागून एक निघत राहतात. दक्षिण मुंबईत आंदोलनाला उरली ती आझाद मैदानातली राखीव जागा. २०२५ च्या नव्या नियमांनुसार ती ७,००० चौरस मीटर, मर्यादा ५,००० माणसांची, वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. परवानगी एका वेळी एका दिवसाची, शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस बाद. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने रजा टाकूनच यायचं.

अर्ज आझाद मैदान पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे करायचा. त्यात आयोजकांची नावं, पत्ते, फोन नंबर, विषय, तारीख, वेळ, अंदाजे संख्या. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय ठाण्याच्या बाहेर पडायचं नाही. नकार तोंडी मिळाला तर तो नकार नव्हे, लेखी मागायचा, कारण तोंडी नकाराला न्यायालयात आव्हान देताना हातात कागदच नसतो. अपेक्षित संख्या फुगवायची नाही. छोट्या पक्षांना हा मोह फार होतो. दोन हजार लिहिलं की बंदोबस्त वाढतो, अटी वाढतात, कधी नकाराचं कारणच तयार होतं आणि प्रत्यक्षात तीनशे माणसं आली की दुसऱ्या दिवशी बातमी त्याचीच होते.

गाझासाठीचा पहिला अर्ज 'ऐप्सो' या जुन्या शांतता संघटनेचा होता. १७ जून २०२५ ला पोलिसांनी तो नाकारला. कारणं दोन: कायदा-सुव्यवस्था आणि देशाचं परराष्ट्र धोरण. दुसरं कारण पुन्हा वाचा. सरकारच्या धोरणाशी मत जुळत नाही म्हणून मैदान मिळणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग उद्या वीजदर, जमीन अधिग्रहण, शाळा बंद करणं, यातलं कुठलं आंदोलन धोरणाशी जुळणार आहे?

या नकाराविरुद्ध मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलैला सुनावणी झाली आणि याचिका फेटाळली गेली. खंडपीठाने दोन गोष्टी म्हटल्या. एक तांत्रिक: नाकारलेला अर्ज या पक्षाचा नव्हताच, मग याचिकेचा अधिकार कुठून आला? दुसरी सगळीकडे गाजली: आपल्या देशात प्रश्न कमी आहेत का, कचरा आहे, प्रदूषण आहे, सांडपाणी आहे, पूर आहेत, त्यावर बोला, देशभक्त व्हा, गाझा आणि पॅलेस्टाइनकडे काय बघता. म्हणजे तुमचाच प्रश्न, न्यायासनावरून.

तो दुसरा भाग आम्हाला फार लागला. ज्यांनी आयुष्य सफाई कामगारांच्या, गिरणी कामगारांच्या, आदिवासींच्या मोर्च्यांत घातलं त्यांना देशाचे प्रश्न बघा असं सांगितलं गेलं. देशप्रेमाची सीमा गटाराच्या झाकणापाशी संपते, हे मला कधीच पटणार नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तेव्हा भारत स्वतः गुलाम होता. घरात प्रश्न थोडे होते म्हणून काँग्रेसने ते पथक धाडलं नव्हतं.

पण रागाच्या भरात आपल्यातले बरेच जण पहिला भाग विसरले, आणि कामाचा तोच होता. अर्ज ज्याचा, याचिका त्याची. संयुक्त आंदोलनात अर्ज एका संघटनेच्या नावावर, खर्च दुसऱ्याचा, वकील तिसऱ्याचा, असं सर्रास चालतं. नकार आला की हीच फट उघडी पडते. म्हणून अर्जावर सुरुवातीपासून सगळ्या सहभागी पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या हव्यात, आणि जो न्यायालयात जाणार त्याचा स्वतंत्र अर्ज आधीच दाखल हवा. पुढे प्रकरण पुन्हा न्यायालयासमोर गेलं. १२ ऑगस्टला सरकारी पक्षाने सांगितलं की २० ऑगस्टला दुपारी ३ ते ६ आझाद मैदानात परवानगी दिली आहे. जूनमध्ये जे परराष्ट्र धोरणाच्या आड येत होतं ते ऑगस्टमध्ये आलं नाही. मधल्या दोन महिन्यांत धोरण बदललं नव्हतं, पाठपुरावा झाला होता.

परवानगी तारखेची असते, पावसाची नसते. १९ ऑगस्टला मुंबई पाण्याखाली होती, लोकल थांबल्या होत्या. अशा वेळी तारीख पुढे ढकलायची म्हणजे अर्जापासून पुन्हा सुरुवात. पावसाळ्यातल्या आंदोलनात फलक साध्या कार्डशीटवर लिहिले तर पंधरा मिनिटांत शाई उतरते. प्लास्टिक चढवून घ्यावेत. झेंड्याच्या काठ्या बारीक ठेवाव्यात, जाड काठी लाठी ठरते आणि गेटवरच काढून घेतली जाते.

मैदान मिळाल्यावर खरी परीक्षा असते ती छोट्या पक्षाच्या स्वभावाची. आम्हाला वर्षभर कुणी कॅमेऱ्यात घेत नाही, त्यामुळे गर्दी दिसली की झेंडे पुढे सरकतात. पाच पक्षांचे पाच नेते प्रत्येकी वीस मिनिटं बोलले की तीनपैकी जवळजवळ पावणेदोन तास गेले. कॉलेजची मुलं, डॉक्टर, कधीच मोर्च्यात न आलेल्या बायका तोवर निघून जातात. व्यासपीठामागे एकच मोठा फलक, त्यावर पक्षाचं नाव नको. वक्त्याला पाच मिनिटं. पक्षाबाहेरची माणसं आधी. हे बैठकीत ठरतं आणि मैदानात मोडतं. मोडू नये म्हणून वेळ सांभाळणारा माणूस कुठल्याच पक्षाचा नसलेला बरा.

घोषणांची यादी छापून वाटावी आणि माईक त्या यादीबाहेर जाऊ देऊ नये. रोष इस्रायलच्या सरकारविरुद्ध, युद्धाविरुद्ध. ज्यू माणसांविरुद्ध एक शब्दही नाही. महाराष्ट्रात हे आणखी जपायला हवं. बेने इस्रायली ज्यू कोकणात शेकडो वर्षं राहिले, त्यांची घरची भाषा मराठी, अलिबागला त्यांच्या नावाची आळी आहे, आणि इस्रायलला गेलेल्यांच्या घरी आजही मराठी बोलली जाते. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात काय झालं तेही या शहराला ठाऊक आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, हे पत्रकात स्पष्ट लिहावं. त्याने गाझातल्या मुलांची बाजू कमकुवत होते असं म्हणणारे आमच्यात आहेत. मला ते पटत नाही.

एका प्रश्नावर मात्र मी अडतो. गाझासाठी आलात, युक्रेनसाठी कुठे होतात? सुदानसाठी? १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा भारतातले कम्युनिस्ट पक्ष विरोधात रस्त्यावर उतरले नव्हते. पूर्वी यावर माझं उत्तर तयार असायचं: जिथे आपलं सरकार, आपला बाजार गुंतलेला आहे तिथे आधी बोलावं. गाझाच्या बाबतीत ते लागू पडतं. इस्रायलमधल्या बांधकामांसाठी आपल्याकडून मजूर भरती झाले, आणि २०२४ मध्ये बंदर कामगारांच्या महासंघाने ११ मोठ्या बंदरांत इस्रायलसाठीची शस्त्रं हाताळणार नाही असं जाहीर केलं. पण युक्रेनच्या युद्धात रशियन तेल आपणही घेतलं, आणि आपली मुलं रशियाच्या सैन्यात भरती होऊन मेली. माझाच निकष लावला तर तिथेही आझाद मैदानासाठी अर्ज करायला हवा होता. पक्षात हे मांडलं की कुणी नाटोचा विस्तार काढतं, कुणी माणसं किती येतील ते विचारतं. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत आणि दोन्ही पुरत नाहीत. मतं जाण्याची भीती तर गाझाच्या वेळीही होती, तरी आम्ही उतरलोच ना, असं मी म्हणतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर युक्रेन आहे. ठराव माझ्या नावाने आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही.