एका गॉसची चूक: मॅग्नेटोग्रामचं शून्य जागेवर आणताना

एसडीओ या सूर्य बघणाऱ्या यानावरच्या एचएमआय या उपकरणाच्या मॅग्नेटोग्राममध्ये, म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या नकाशात, एका गॉसची (गॉस हे त्या क्षेत्राचं एकक) चूक डोळ्याला दिसत नाही. 45 सेकंदांच्या चित्रात पिक्सेलमागे सुमारे 10 गॉस नॉइज असतोच, त्यात ती बुडून जाते. पण बेरीज केली की नॉइज बराचसा आपसात कटतो, शून्याची चूक, म्हणजे सगळ्याच पिक्सेलमध्ये सारखं मिसळलेलं सरकणं, मात्र साठत जाते. सूर्यबिंबाचं क्षेत्रफळ साधारण 1.5 × 10²² चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका गॉसमागे 1.5 × 10²² मॅक्सवेल खोटा फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ), डागांभोवतीच्या एखाद्या मोठ्या सक्रिय प्रदेशाएवढा!

फाइल उघडली की मी आधी हेडरमधलं (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतलं) क्वालिटी शून्य, म्हणजे चित्र निर्दोष, आहे ना ते बघतो. मग दिशा. चित्र उलटं येतं, क्रोटा-2 हा कोन 180 अंशांच्या आसपास असतो. 4096 × 4096 चा ॲरे मी दोनदा 90 अंशांनी फिरवतो. त्यात इंटरपोलेशन (शेजारच्या पिक्सेलवरून मधली मूल्यं काढणं) होत नाही, त्यामुळे पिक्सेलची मूल्यं शाबूत राहतात. हेडरमधले बिंबाच्या केंद्राचे आकडे मात्र 4097 मधून वजा करून नव्याने लिहावे लागतात. उरलेला अंशाचा दहावा भागही सोडायचा नाही. बिंबाची त्रिज्या सुमारे 1900 पिक्सेल, त्यामुळे तेवढ्यानेही कडेला तीनेक पिक्सेलचा फरक पडतो.

आता शून्य. सगळ्या बिंबाची सरासरी काढून वजा करायचा मोह होतो, पण ते चुकीचं. कडेवरून अर्धाच सक्रिय प्रदेश दिसत असेल तर सरासरीतला असमतोल खरा असतो, आणि आपण तोच पुसून टाकतो. मी त्रिज्येच्या 0.9 पटीच्या आतले पिक्सेल घेतो, अर्ध्या गॉसच्या घरांचा हिस्टोग्राम काढतो आणि उणे 15 ते अधिक 15 गॉस एवढ्याच भागावर गाउशियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवतो. त्याचं शिखर शून्यापासून जितकं सरकलेलं, तितकं वजा. सौरडाग या पट्ट्याच्या बाहेरच राहतात.

नजरेच्या रेषेतल्या मूल्यांवरून पृष्ठभागाला लंब क्षेत्र काढायला ती म्यूने, म्हणजे बिंबाच्या केंद्रापासूनच्या कोनाच्या कोसाइनने, भागतात. शून्य त्याआधीच लावायला हवं. केंद्रापासून 60 अंशांवर म्यू 0.5 असतो, तिथे भागाकारात नॉइजही दुप्पट होतो आणि न काढलेली चूकही.

एमडीआय या सोहो यानावरच्या जुन्या उपकरणाच्या चित्रांत हे सरकणं जास्त असतं, कारण शटरच्या वेळेतला बारीक फरक सगळ्या चित्राला लागतो. शून्य लावल्यावर एचएमआयशी जुळवायला मूल्यं सुमारे 1.4 ने भागावी लागतात. मोठ्या डागाच्या गाभ्यात मात्र एमडीआय सॅच्युरेट होतो (मोजण्याची मर्यादा संपते), मधोमध क्षेत्र उलट कमी दिसतं. ते पिक्सेल मी मास्क करतो, म्हणजे हिशोबातून वगळतो; कुठल्याही गुणकाने ते परत मिळत नाहीत.

एचएमआयमध्ये आणखी एक गोष्ट उरते. यान भूसमकालिक कक्षेत फिरतं, सूर्याच्या दिशेचा वेग दिवसभरात सेकंदाला 3 किलोमीटरपर्यंत इकडेतिकडे होतो, आणि तीव्र चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापात 12 व 24 तासांची लय उमटते. ती शून्य वजा करून जात नाही. डागाची वाढ मोजताना मी 24 तासांच्या अंतराची चित्रंच शेजारी ठेवतो.