पहिली गिटार घ्यायला जाताना खिशात पट्टी असू द्या

‘पहिली गिटार कुठली घेऊ?’ असं विचारलं की समोरचा कंपनीचं नाव सांगून मोकळा होतो. पण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या दोन गिटारी उतरवून बघा. एकीवर सी कॉर्ड आठवडाभरात लागते, दुसरीवर महिनाभर बोटं हुळहुळत राहतात आणि तरी आवाज मेलेलाच. हा फरक तारा फ्रेटपासून (नेकवर, म्हणजे गिटारीच्या मानेवर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) किती वर आहेत त्याचा. गिटारवाले याला ॲक्शन म्हणतात. ‘माझा हात बसत नाही’ म्हणून ज्या गिटारी कपाटावर चढतात, त्यांतल्या कितीतरींची ॲक्शनच चुकलेली असते, हात बिचारा ठीक असतो.

म्हणून दुकानात जाताना स्टीलची सहा इंची पट्टी घेऊन जा. कुठल्याही स्टेशनरीत मिळते. स्टीलचीच घ्या, कारण तिचं शून्य थेट कडेला असतं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असतात. कंपासातल्या प्लास्टिकच्या पट्टीला शून्याआधी मोकळी जागा असते, ती इथे कामाची नाही. आधी गिटार सुरात लावून घ्या: जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई. उतरलेल्या तारांवर घेतलेलं माप खोटं निघतं. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. तिचं टोक धातूच्या फ्रेटवर टेकलं पाहिजे. लाकडावर टेकवलंत तर फ्रेटची मिलिमीटरभर उंची मापात घुसते. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड ई तारेला अडीच मिलिमीटर आणि बारीक ई तारेला दोन मिलिमीटर, हे नवशिक्यासाठी छान माप. जाड तारेला तीनपर्यंत चालवून घेता येतं. साडेतीन-चार दिसलं की दुकानदार म्हणेल, ‘वाजवून वाजवून बोटं तयार होतात हो.’ होतात, पण त्याआधी माणूस कंटाळतो.

ॲक्शन जास्त असली म्हणून गिटार लगेच बाद करू नका. ती उतरवता येते का, ते ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारांची टोकं अडकवलेल्या लाकडी ठोकळ्यावर, कळतं. ब्रिजच्या खाचेत बसवलेली पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. सॅडल तळाकडून दोन मिलिमीटर घासली की बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली येते. हिशोब कायम निम्म्याचा. म्हणजे माप साडेतीन आहे आणि अडीच हवं आहे, तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावी लागेल. ब्रिजच्या लाकडावर ती चार मिलिमीटर दिसत असेल तर काम होईल. आधीच जेमतेम दोन दिसत असेल तर घासायला काही उरलेलंच नाही, आणि याचा अर्थ बहुधा नेक बॉडीला चुकीच्या कोनात जोडली आहे. ती गिटार कितीही सवलतीत मिळाली तरी परत खुंटीला लावा.

दुसरं दुखणं नटचं. नट म्हणजे डोक्याकडची खाचांची पट्टी, जिथून तारा खुंट्यांकडे जातात. स्वस्त गिटारींत या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात, कारण ते हाताने, एकेक खाच बघत करायचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो. तपासायला सोपं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांत किती फट आहे ते बघा. केसाएवढी फट हवी. स्पष्ट दिसण्याइतकी मोठी असेल तर एफ कॉर्ड लागणार नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे सूर चढे लागतील, कारण तार खाली नेताना ताणली जाते. नवशिक्याचे सगळे कॉर्ड याच तीन फ्रेटवर असतात, म्हणून नटची चूक त्याला सगळ्यात महाग पडते. दुकानात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, मागा आणि पहिल्या फ्रेटवर लावून तेच कॉर्ड धरून पाहा. कॅपो लावताच गिटार एकदम हलकी वाटली तर नट उंच आहे, दुसरं काही नाही. हे दुरुस्त होतं.

नेक किती वाकलेली आहे तेही पाहायचं असतं. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. ताणलेली तारच आपली सरळ रेघ. मधे सहाव्या-सातव्या फ्रेटवर फट पाव मिलिमीटरच्या आत असावी. साधं व्हिजिटिंग कार्ड अडकत-अडकत जाईल एवढी. दोन-तीन कार्डं आरामात जात असतील तर नेक पुढे झुकली आहे. अजिबात फट नसेल तर खालच्या फ्रेटवर तारा बझ करतील, म्हणजे खरखरतील. नेकमधल्या ट्रसरॉडने, म्हणजे आत बसवलेल्या धातूच्या सळईने, हे सुधारतं. ॲलन कीने, एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा माप. ॲक्शन उतरवायला ट्रसरॉड पिळू नका, तो नेकची कमान सांभाळायला असतो. आणि गिटारीत ट्रसरॉड आहे का, हे विचारूनच घ्या. अगदी स्वस्त मालात नसतोही.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात, मागे उभ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष देऊ नका. एकाच ठिकाणी खरखर येत असेल तर तिच्या पुढचा फ्रेट वर आला आहे. बाराव्या फ्रेटवर तारेला हलकं बोट टेकवून हार्मोनिक, म्हणजे घंटीसारखा सूर, काढा, मग तिथेच दाबून वाजवा; क्लिप ट्यूनरवर दोन्हींत पाच सेंटपेक्षा (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) जास्त फरक नको. अंगठा नेकच्या कडेने वरून खाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचायला नकोत. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे.

आकाराबद्दल थोडक्यात. दुकानात सगळ्यात जास्त दिसते ती ड्रेडनॉट, रुंद कमरेची, साधारण ४१ इंच लांब. आवाज मोठा, स्ट्रमिंगला छान. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा कमी उंचीच्या माणसाला तिच्यावरून हात टाकताना खांदा उचलावा लागतो. त्यांनी कॉन्सर्ट किंवा त्याच अंगाची लहान बॉडी घ्यावी. ‘३८ इंची’ म्हणून बॅग, बेल्ट, पिक, जादा तारा अशा अख्ख्या संचासकट जी स्वस्तात मिळते, तिच्यात तो संच चांगला असतो, गिटारीची खात्री नसते. नायलॉन तारांची क्लासिकल बोटांना मऊ, पण तिची नेक नटपाशी ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलवालीची ४३च्या आसपास. लहान हाताला ती रुंदीच नडते. आणि क्लासिकलवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका: नायलॉनचा ताण चाळीसेक किलो, १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) स्टीलचा सत्तरच्या वर. ब्रिज उखडून हातात येतो.

आता पैशांचं. आठ ते बारा हजारांच्या पट्ट्यात यामाहा एफ २८० आणि एफ ३१० ही ठरलेली नावं आहेत, आणि ती उगाच ठरलेली नाहीत. एकसारखा माल येतो. दोन्हींचा वरचा फळा लॅमिनेटचा, म्हणजे प्लायसारखा थर देऊन केलेला. एफजी ८०० किंवा तिची लहान बॉडीची बहीण एफएस ८०० घेतलीत तर फळा एकसंध स्प्रूसचा मिळतो, किंमतही त्या मानाने चढते. ओळखायचं असेल तर साउंडहोलच्या, म्हणजे बॉडीच्या गोल भोकाच्या, कडेला बघा: वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच आत उतरत असतील तर एकसंध, थर दिसले तर लॅमिनेट. लेबलवर नुसतं ‘स्प्रूस टॉप’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

एकसंध फळ्याचा आवाज उघडा असतो, वाजवत गेलं की खुलतो, हे खरंच. तरी ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत पाम बीचच्या बाजूला खाडीकडे खिडकी असणाऱ्या घरात पहिली गिटार लॅमिनेटचीच घ्यावी, असं माझं मत आहे. गिटारीला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढे जाते. एकसंध लाकूड ओल पितं, फळा ब्रिजमागे फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि जूनमध्ये अडीच मिलिमीटर असलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये तीनच्या वर जाते. लॅमिनेटमध्ये थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्याने ते कमी हलतं. वाचलेले पैसे सेटअपला लावा. पाचशे ते दीड हजारात नट, सॅडल, ट्रसरॉड जुळवून मिळतं, आणि दहा हजारांची सेटअप केलेली गिटार वीस हजारांच्या न केलेल्या गिटारीपेक्षा वाजवायला सोपी असते. प्रीअॅम्प आणि पिकअपवाल्या, स्पीकरला जोडता येणाऱ्या इलेक्ट्रो-अकॉस्टिकच्या वाट्याला पहिल्या वेळी जाऊ नका. त्याच किमतीत लाकूड कमी दर्जाचं मिळतं, आणि विसरलेली नऊ व्होल्टची बॅटरी दमट हवेत गळून बसते.

ठाण्यात-वाशीत वाद्यांच्या दुकानात पेटी-तबल्याशेजारी गिटारी असतात, पण निवड बेताची. सहा-सात नग शेजारी ठेवून पाहायचे असतील तर मुंबईतलं धोबी तलाव गाठा. ठाण्याहून मध्य रेल्वेने, वाशी-नेरुळहून हार्बरने सीएसएमटीला उतरायचं, तिथून मेट्रो सिनेमाच्या दिशेला चालत दहा-पंधरा मिनिटं. जेर महलमधलं फुर्टाडोज १८६५पासूनचं. कामाच्या दिवशी दुपारी जा, दुकान रिकामं असतं आणि बझ ऐकू येतो. येताना गिटार पाठीवर नको, पुढे छातीशी धरा, डोकं वर. गर्दीच्या लोकलच्या दारात नेक मोडायला एक धक्का पुरतो. ऑनलाइन मागवलीत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळी मापं घ्या. सेकंड हॅंड घेताना विक्रेता ‘स्टेशनवर भेटू’ म्हणाला तर नाही म्हणा. ठाण्याच्या दोन नंबर प्लॅटफॉर्मवर खरखर कुणाला ऐकू येणार? घरी जाऊन बघा, आणि डोकं नेकला जिथे मिळतं तिथे चीर किंवा डिंकाची रेघ आहे का ते आधी बघा.

घरी आणल्यावर बहुतेक गिटारींवर १२ गेजच्या तारा असतात. त्या काढून १०-४७चा, म्हणजे त्याहून बारीक तारांचा, संच घाला. ताण उतरतो, बोटं कमी दुखतात, आवाज थोडा पातळ होतो पण पहिले सहा महिने चालेल. ताण घटला की नेक किंचित मागे जाते, म्हणून बझ आला तर ट्रसरॉड पाव फेरा सैल करावा लागतो. पेटीवर गाणाऱ्या घरात कॅपो पहिल्या दिवसापासून हवा: सीच्या आकारात पहिल्या फ्रेटवर लावला की काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन.

व्हिडिओत गिटारीच्या बॅगेत ओला स्पंज किंवा ह्युमिडिफायर ठेवायला सांगतात. ते कोरड्या थंड देशांसाठी. इथे जून ते सप्टेंबर उलटं करायचं: बॅगेत ५० ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पिशव्या, दोन-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र), बॅगेची चेन बंद. आकडा सत्तरच्या वर गेला की पिशव्या गरम करून पुन्हा वाळवायच्या. कपाटात ठेवतात त्या, ओल शोषून पाणी साठवणाऱ्या डब्या बॅगेत नकोत. त्या सांडल्या तर ते खारं पाणी तारा आणि लाकूड दोन्ही खातं. बाहेरच्या, पाऊस मारणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नका. वाजवून झालं की सुती फडकं तारांच्या वरून आणि खालून फिरवा. तरीही पावसाळ्यात तारा दोन महिन्यांत काळ्या पडतात. बोट सरकवताना खरबरीत लागल्या की बदला, पण सहाही एकदम सोडू नका, एकेक काढून एकेक घाला.