विकता न येणारी जमीन

डॉमिनिका या कॅरिबियन बेटाच्या रोसो बंदराला आमचं जहाज लागलं की माझी धावपळ सुरू होते. प्रवाशांना किनाऱ्यावरच्या सहलींना न्यायचं, डोकी मोजायची आणि जहाज सुटायच्या आत सगळ्यांना परत आणायचं. त्या दिवशी माझ्या वाट्याला कालिनागो टेरिटरी आली, म्हणजे कालिनागो या बेटाच्या मूळ रहिवाशांचा राखीव भाग. बेटाच्या मधला डोंगर ओलांडून अटलांटिकच्या अंगाला उतरायचं. वाट नुसती वळणांची.

कोलंबसाने १४९३ साली हे बेट पाहिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून कालिनागो इथे आहेत. आजूबाजूच्या बहुतेक बेटांवर लढायांनी आणि रोगराईने त्यांचा जवळजवळ मागमूस उरला नाही. इथल्या डोंगरांनी त्यांना सांभाळलं. १९०३ साली ब्रिटिश प्रशासक हेस्केथ बेल यांनी सुमारे ३,७०० एकर त्यांच्यासाठी राखून ठेवली. आज तिथे साधारण तीन हजार लोक राहतात.

आमच्या गाइड तिथल्याच, पन्नाशी ओलांडलेल्या. सालिबिया गावच्या चर्चमध्ये होडीची वेदी दाखवून झाल्यावर त्या आम्हाला रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये घेऊन गेल्या. तिथे कसावाच्या भाकरीचं काम चालू होतं. आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा, पण हा कंद कडू जातीचा आणि कच्चा खाल्ला तर विषारी. सोलायचा, किसायचा आणि कीस दाबून दाबून सगळा रस काढून टाकायचा, कारण सायनाइड त्या रसात असतं. पूर्वी त्यासाठी वेताची लांब विणलेली नळी असे. कीस भरून टांगायची आणि खालून ताणायची, की नळी आवळत जाते आणि रस गळतो. मग कोरडा भुगा चाळून, त्यात खोबरं मिसळून मोठ्या लोखंडी तव्यावर थापायचा. शेडमधली बाई उलटण्याने कडा सैल करत होती. भाकरी तव्यावर सरकायला लागली तेव्हाच तिने ती उलटली. कुठल्या कंदात विष आहे आणि ते कसं काढायचं, हे पहिल्यांदा कुणी शोधलं असेल? मला तरी हे ज्ञान कुठल्याही किल्ल्याइतकंच मोठा वारसा वाटतं.

पुढे समुद्राच्या बाजूला, टोपल्यांच्या दुकानापाशी, एका प्रवाशाने विचारलं, "इथे घर बांधायला जागा केवढ्याला मिळेल?" तो चेष्टा करत नव्हता. गाइडबाई शांतपणे म्हणाल्या, "मिळणार नाही. मलाही विकता येत नाही. जमीन आम्हा सगळ्यांची आहे. मी घर बांधू शकते, कसू शकते, पण विकू शकत नाही."

मी तळकोकणातला. आमच्याकडे हायवेच्या कडेला 'जागा विकणे आहे' च्या पाट्या आंब्याच्या कलमांपेक्षा दाट झाल्यात. सातबाऱ्यावरची नावं एकेक करून बदलताना मी लहानपणापासून पाहतोय. त्यामुळे त्यांचं ते वाक्य मला आत लागलं. याला दुसरी बाजूही आहे, ती त्यांनीच सांगितली: स्वतःच्या नावावर जमीन नसली की बँक तारण घेत नाही, आणि घराला कर्ज मिळवणं जड जातं. २०१७ च्या सप्टेंबरात मारिया चक्रीवादळाने या बाजूची छपरं उडवून नेली, तेव्हा हा प्रश्न किती टोचला असेल! तरीही आपली पोरं या जमिनीचे तुकडे पाडणार नाहीत, हे त्या ठामपणे म्हणाल्या.

टोपल्या मात्र खुशाल विकत घ्याव्यात. लारूमाच्या वेताच्या, दुहेरी विणीच्या आणि दोन थरांमध्ये रानपानं घातलेल्या, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. मी आईसाठी एक घेतली.

जहाजावर परतल्यावर सहलीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं: भाकरीच्या शेडला वीस मिनिटं अपुरी आहेत, तासभर द्या, आणि त्यासाठी नाचाचा कार्यक्रम कमी करा. माझ्या वरिष्ठांनी अजून काही कळवलेलं नाही. पुढच्या फेरीनंतर पुन्हा लिहीन.