पोकिप्सीला, कार्पेंटर मावशींच्या शोधात

आनंदीबाई जोशींची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण ज्यांच्या कुटुंबाच्या जागेत ती ठेवली, त्या थिओडोशिया कार्पेंटर आपल्या लेखी 'अमेरिकेतली मावशी' एवढ्याच उरल्यात. दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईतो मिशनऱ्यांचं मासिक चाळताना त्यांनी आनंदीबाईंच्या यजमानांचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी मुलीला पत्र धाडलं. १८८३ च्या जूनमध्ये तिला बोटीवरून उतरवून घेतलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेलला आपल्या घरी नेलं. या बाईंचं माहेर, नातीगोती कागदोपत्री कुठवर मागे नेता येतात, हे बघायला मी निघाले.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून सुटणारी हडसन लाइन पोकिप्सीलाच संपते. दोनेक तास लागतात. जाताना डावीकडची खिडकी पकडा, नदी सोबतीला असते. कबरस्तान गावाच्या दक्षिणेला रूट ९ ला लागून आहे. रस्ता भरधाव वाहनांचा, तेव्हा स्टेशनवरून टॅक्सीच करा.

'पोकिप्सी रूरल सेमेटरी'चा पसारा मोठा आहे. नुसतं हिंडून दगड सापडायचा नाही. आधी फोन करून कार्यालय उघडं असल्याची खात्री करा आणि नकाशा मागून घ्या. आनंदीबाईंचा प्लॉट २१६-ए. दगडावर नाव, 'एम. डी.', १८६५–१८८७, आणि खाली शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाच्या ओळी. 'जोशी'च्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी दोन 'ई' आहेत. जुन्या कागदांत शोधताना तसंही टाकून पाहा. मी बराच वेळ तिथे उभी होते. एकविशीत गेलेल्या मुलीला या बाईंनी आपल्या माणसांत जागा दिली, हे डोळ्यांनी पाहिल्यावर गळा दाटून येतो.

शेजारच्या प्रत्येक दगडाचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात झिजलेली अक्षरं जास्त उठून दिसतात. प्लॉट कुणी विकत घेतला आणि त्यात कोणाकोणाला पुरलं, हे कार्यालयाला विचारा. त्या काळातल्या बाईचं माहेरचं आडनाव बहुधा असल्याच नोंदीत हाती लागतं.

पुढचं काम गावातल्या मार्केट स्ट्रीटवर. जमिनीचे कागद ठेवणारा काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लर्क, मृत्युपत्रांचं सरोगेट कोर्ट आणि एड्रिअन्स वाचनालय, तिन्ही एकाच रस्त्याला. माझ्या मते सगळ्यात मोलाची जमिनीची खरेदीखतं. नवऱ्याने शेत विकलं तरी त्यावर बायकोचा विधवा-हक्क (नवऱ्यामागे तिला मिळायचा वाटा) असे, म्हणून तिची सही लागे. शिवाय तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, जबरदस्ती नाही ना, असं विचारल्याची नोंद खताखालीच सापडते. एरवी जिचा उल्लेख 'अमक्याची बायको' एवढाच, ती इथे स्वतःच्या नावानिशी भेटते. मृत्युपत्रांत बाप मुलींची नावं लग्नानंतरच्या आडनावासकट देतो, तीही वाचाच.

जनगणना घरबसल्या पाहता येते. १८५० पासून घरातल्या, गुलाम नसलेल्या माणसांची एकेक करून नावं आहेत, कुटुंबप्रमुखाशी नातं मात्र १८८० पासून. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीपायी गेले. त्याआधीच्या दुव्यांसाठी न्यूयॉर्क राज्याची १८५५ ची गणना बघा, त्यात जन्माची काउंटी लिहिलेली असते. राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १८८० च्या सुमारास सुरू झाली; त्यामागे जायचं तर चर्चची दप्तरं. न्यू जर्सीत मात्र जन्म-मृत्यूची नोंद १८४८ पासून आहे, ट्रेंटनच्या राज्य दप्तरखान्यात. कार्पेंटर कुटुंबाचा रोझेलचा धागा तिथेच धरायचा.

बर्फात दगड झाकले जातात, तेव्हा मे ते ऑक्टोबरमध्येच जा, आणि कचेऱ्या उघड्या असतील असा आठवड्यातला वार निवडा.